शेवग्याखाली पाच काड्या

जमीन कधी खोटं बोलत नाही, असं माझे वडील म्हणायचे. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस हे म्हणायचा, तेव्हा ऐकणारा आपोआप ताठ बसायचा. हे वाक्य त्यांनी शेवटचं उच्चारलं, त्या सकाळी ते आमच्या न्हाणीघरात पालथ्या बादलीवर उभे होते आणि त्यांच्या हातातल्या मोजणीच्या काठीच्या टोकाला रबरबँडनं एक पांढरा डोंगल बांधलेला होता.

“किती?” अप्पांनी विचारलं.

“तीन काड्या,” मी म्हणालो. मी दारात, कॉलेजचा लॅपटॉप छातीशी धरून उभा होतो. काठीच्या टोकापासून लॅपटॉपपर्यंत एक लांबलचक वायर लोंबत होती.

“काल काळ्याच्या इथं किती होत्या?”

“दोन.”

“लिही. न्हाणीघर, ईशान्य कोपरा, जमिनीपासून सात फूट. काळा दोन, पांढरा तीन.”

“अप्पा, रेंज हवेतून येते. जमिनीचा काय संबंध?”

“हवा कशावर असते?”

“जमिनीवर.”

“मग?” अप्पा छताकडे बघत म्हणाले, “जमीन कधी खोटं बोलत नाही.”

तेवढ्यात रबरबँड तुटला. पांढरा डोंगल वायरीतून निसटून सरळ अप्पांच्या आंघोळीसाठी काढलेल्या कढत पाण्याच्या घंगाळात पडला. मी हात घातला, भाजला, बाहेर काढला. मग चमच्यानं डोंगल बाहेर काढला. त्याचा दिवा एकदा हिरवा लागला, एकदा लाल लागला आणि मग लागलाच नाही.

अप्पा बादलीवरून उतरले, वही घेतली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘पांढरा – बुडाला.’

अशा रीतीनं आमच्या घरी डोंगलची निवड झाली.

ही घाई कशाची होती ते सांगतो. वर्ष दोन हजार दहा, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. आम्ही कराडच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याच्या एका कॉलनीत राहायचो. टेलिफोनची तार कॉलनीच्या फाट्यापर्यंत येऊन विचारात पडली होती. माझी बायको वैजयंती लग्नाआधी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. लग्नानंतर ती नोकरी सुटली आणि नऊ वर्षं ती आमच्याच रक्तदाबाकडे लक्ष देत होती. मग तिनं सहा महिन्यांचा एक कोर्स केला. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून टेपवर बोलतात, ते ऐकून इकडे टाईप करायचं, असं ते काम. पुण्याच्या एका कंपनीनं तिला चाचणीला बोलावलं, म्हणजे घरीच बसवलं. शनिवारी सकाळी अकरा वाजता फाईल येणार, बारापर्यंत टाईप करून परत पाठवायची. पेशंटची माहिती गुप्त, म्हणून सायबर कॅफे चालणार नाही. घरचा कॉम्प्युटर, घरचं इंटरनेट. मध्ये कनेक्शन तुटलं तर नाव खोडून यादीतलं पुढचं नाव.

बाजारातल्या पोपटशेठनं मला दोन कंपन्यांचे दोन डोंगल दिले. “सर, दोन्ही लावून बघा. चालेल तो ठेवा, दुसरा आणून द्या.” पेन ड्राइव्हएवढ्या वस्तू. पोटात सिमकार्ड घालायचं, कॉम्प्युटरला खोचायचं, आणि पडद्यावर रेंजच्या काड्या मोजायच्या. पाच म्हणजे उत्तम, शून्य म्हणजे आमचा दिवाणखाना.

मी दिवाणखान्यात दोन्ही लावून पाहिले आणि कोणता घ्यायचा हे विचारायची चूक केली.

“मोजणी केल्याशिवाय?” अप्पा म्हणाले.

म्हणून सोमवारी काळा आणि मंगळवारी पांढरा, अशी मोजणी. घराचे दोन-दोन फुटांचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात तीन उंचींवर नोंद. देव्हाऱ्याच्या मागे काळ्याला चार काड्या मिळत होत्या, पण देव हलवायला अप्पा तयार नव्हते आणि वैजयंतीचं टेबल तिथं मावत नव्हतं. एकदा आल्या तशा त्या काड्या पुन्हा येतील याची खात्रीही नव्हती. संध्याकाळी ग्राफपेपरवर अप्पांनी रंगीत पेन्सिलीनं नकाशा काढला. धरणाच्या पाणलोटाचा असतो तसा, निळा, हिरवा, तांबडा. नकाशा देखणा होता. त्यात आमचं घर बुडीत क्षेत्रात होतं.

“उद्या बाहेर बघू,” अप्पा म्हणाले.

वैजयंती भाजी निवडत होती. तिनं मला विचारलं, “अहो, आज वार कोणता?”

“मंगळवार.”

“बरं,” ती म्हणाली. तिचं ‘बरं’ मला चांगलं ओळखता येतं.

बुधवारी लॅपटॉप परत करायच्या आधी आम्ही काळा डोंगल घेऊन घराभोवती फिरलो. समोर दोन काड्या. मागे एक. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, बारा फुटांवर, शेवग्याच्या झाडाखाली पाच.

“पाच!” मी ओरडलो. “अप्पा, पाच! हलत नाहीत!”

अप्पांनी काठी खाली घेतली. त्यांचा चेहरा एखाद्या वारलेल्या माणसाची उधारी अचानक आठवावी तसा झाला.

“इथं नाही,” ते म्हणाले.

आता या शेवग्याबद्दल सांगायलाच हवं. आमची कॉलनी म्हणजे निवृत्त भूकरमापकांची सहकारी सोसायटी. प्रत्येकानं आपला प्लॉट स्वतः मोजून घेतला होता. सगळ्या प्लॉटांची बेरीज केली, तर मूळ जमिनीपेक्षा सव्वादोन गुंठे जास्त भरायची, आणि वार्षिक सभेत हा विषय कुणी काढत नसे. आमच्या शेजारी बाबूराव मोहिते. अप्पांच्याच कचेरीतले, अप्पांच्याच टेबलासमोर बत्तीस वर्षं बसलेले, जेवणाच्या सुट्टीत एका डब्यातून खाल्लेले. घरं बांधली आणि दोघांच्या मधली नऊ इंचांची एक पट्टी दोघांच्याही मोजणीत आली. अप्पा म्हणाले माझी. मोहिते म्हणाले माझी. त्यावर अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. पट्टीत कुंपण घालायला दोघंही एकमेकांना देत नव्हते. मग तिथं एक शेवगा आपोआप उगवला. त्याला कुणी पाणी घातलं नाही, कुणी तोडला नाही. दरवर्षी शेंगा लटकायच्या, वाळायच्या, तडकायच्या आणि पडायच्या. अकरा वर्षं त्या शेंगांना कुणाचा हात लागला नव्हता.

“काठी रोवायची फक्त, अप्पा. एक तासासाठी.”

“वादातल्या जागेत काठी रोवणं म्हणजे ताबा घेणं. चौतीस वर्षं हेच सांगत आलो लोकांना. आता सुनेसाठी नियम बदलू?”

“मग?”

“लगतच्या खातेदाराला नोटीस.”

मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. दोन सार्वभौम सत्तांच्या मध्ये सापडलेल्या छोट्या राष्ट्रानं काय करावं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी कागद-पेन घेऊन बसलो आणि अप्पांनी सांगितलं ते लिहिलं:

‘श्री. बा. रा. मोहिते यांस. आपणांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, आपल्या व आमच्या मिळकतीमधील वादग्रस्त पट्टीत, हक्कास कोणतीही बाधा न येता, शनिवारी सकाळी ११ ते १२ या वेळेत एक नग काठी डोंगलसह उभी करण्याचे योजिले आहे. हरकत असल्यास लेखी कळवावी. – द. वि. शिराळकर.’

मी नोटीस घेऊन सात पावलं चालून गेलो. मोहिते काका व्हरांड्यात पेपर वाचत होते. नोटीस दोनदा वाचली. मग अप्पांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “उदय, तुझ्या बापाला सांग, डोंगल म्हणजे काय ते नोटिशीत लिहिलेलं नाही.”

अप्पा सात पावलांवर उभे होते. “उदय, त्यांना सांग, इंटरनेटचं यंत्र आहे.”

“कोणत्या कंपनीचं?”

“काळं,” मी म्हणालो.

“पांढरं घ्यायला पाहिजे होतं.”

“पांढरं बुडालं, काका.”

“मग तेच चांगलं असणार. तुझ्या बापाच्या हातात चांगली वस्तू टिकत नाही, हे मी कचेरीत असताना बघितलंय.”

“उदय,” अप्पा म्हणाले, “त्यांना सांग, त्यांची हरकत लेखी पाहिजे.”

गुरुवारी सकाळी लेखी आली. मोहिते काकांचं अक्षर अप्पांपेक्षाही सुंदर. ‘नोटीस मिळाली. नियमानुसार पंधरा दिवसांची मुदत दिलेली नाही. सबब हरकत नोंदवण्यात येत आहे.’ खाली सही, तारीख आणि वेळ.

अप्पांनी ती वाचली आणि अनेक वर्षांत पाहिलं नव्हतं असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले. “पंधरा दिवस द्यायला पाहिजेत.”

“अप्पा, शनिवार परवा आहे!”

“मग कंपनीला पत्र टाका. पंधरा दिवसांनी फाईल पाठवा म्हणावं.”

मी स्वयंपाकघरात गेलो. वैजयंतीनं तिथं तयारी करून ठेवलेली होती. कॉम्प्युटर ओट्यावर मिक्सरशेजारी, टेप ऐकायचं कानाचं यंत्र गॅसच्या शेगडीपासून लांब, आणि पायानं टेप पुढं-मागं करायचं पेडल ओट्याखाली, जिथं आधी पिठाचा डबा असायचा. खिडकी शेवग्याकडे उघडत होती.

“काकांनी हरकत घेतली,” मी म्हणालो.

“ऐकलं.”

“पंधरा दिवस.”

“ऐकलं.” तिनं शिटी झालेला कुकर उतरवला. “तुम्ही दोघांपैकी कुणाला काही बोललात का?”

“मी निरोप पोचवले.”

“नऊ वर्षांपूर्वी लॅबवाल्यांनी जागा दोन महिने धरून ठेवली होती,” ती म्हणाली. “तेव्हाही तुम्ही माझे आणि अप्पांचे निरोपच पोचवले होते. आठवतं?”

आठवत होतं. मी चहा केला. तो तिनं प्यायला नाही.

शुक्रवारी मला कॉलेजात परीक्षेचं काम होतं. दुपारी घरी आलो तर जेवण वाढलेलं. अप्पांनी भात कालवला होता आणि आमटीतली शेंग ते दातांनी ओढत होते. अप्पांना शेंगांची आमटी मनापासून आवडायची, म्हणजे जेवताना ते दुसऱ्या कशाबद्दलही बोलत नसत.

“शेंग गोड आहे,” ते शेवटी म्हणाले. “बाजारातली दिसत नाही.”

“नाही,” वैजयंती म्हणाली.

“मग कुठली?”

“वादातली.”

अप्पांचा हात तोंडापाशी थांबला. ताटाच्या कडेला चोथ्याची छोटी रास होती, आणि त्यांच्यासारख्या माणसाला ती रास मोजता येण्यासारखी होती.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. “उदय! ए उदय! बाहेर ये जरा!”

मोहिते काका पट्टीच्या पलीकडे उभे होते. त्यांच्या मागे काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. काकूंचा चेहरा मला कटात सामील असलेल्या माणसाचा वाटला.

“तुझ्या बायकोनं सकाळी वाटीभर आमटी पाठवली,” काका म्हणाले. “मी खाल्ली. आता ही म्हणते, शेंगा या झाडाच्या! विचार तुझ्या बायकोला, असं कुणी करतं का?”

अप्पा उष्ट्या हातानं माझ्यामागून बाहेर आले आणि त्यांच्यामागून वैजयंती. हात पदराला पुसत होती. “काका, किती शेंगा खाल्ल्या?”

“म्हणजे?”

“मोजल्या असतील ना तुम्ही.”

काकांनी बोटांवर पुन्हा मोजलं. “पाच.”

“अप्पांनी सहा.” ती दोघांच्या मधोमध, शेवग्याच्या बुंध्यापाशी जाऊन उभी राहिली. “वादातल्या जमिनीचं पीक ज्यानं खाल्लं, त्याची वहिवाट लागते, असं अप्पा आमच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा सांगत होते. आता तुमची दोघांची वहिवाट लागली. वाटून खाल्लंत. हरकत कोण कुणावर घेणार?”

काकूंनी पदर तोंडावरून काढला आणि घाईनं परत लावला.

मोहिते काकांनी वर झाडाकडे बघितलं, मग अप्पांकडे. म्हणजे सरळ अप्पांकडे, माझ्यामार्गे नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पण बोलताना त्यांनी सवय सोडली नाही. “उदय, तुझ्या बापाला सांग, तुमची सून आपल्या खात्यात असायला पाहिजे होती.”

“उदय,” अप्पा म्हणाले, “त्यांना सांग, सहा नव्हे, सात खाल्ल्या.”

शनिवारी सकाळी पावणेअकराला मी पट्टीत काठी रोवली. म्हणजे रोवायला लागलो, तेव्हा मोहिते काका आले, माझ्या हातातून काठी काढून घेतली आणि म्हणाले, “ओळंबा लाव. वाकडी आहे.” काठीच्या टोकाला काळा डोंगल, या वेळी रबरबँडऐवजी अप्पांच्या जानव्याच्या दोऱ्यानं बांधलेला. नवीन जानवं आणून ठेवलेलं होतं, असं अप्पांनी सांगितलं, जणू मी विचारलं होतं. वायर खिडकीतून आत ओट्यावर.

अकरा वाजता आतून वैजयंतीचा आवाज आला, “फाईल आली.”

मी खिडकीशी उभा राहिलो. पडद्यावरच्या काड्या वाचायचं काम माझं. तिच्या कानावर यंत्र, पाय पेडलवर. टेक्सासमधला कोणी डॉक्टर कुणाच्या तरी पित्ताशयातल्या खड्यांबद्दल जेवताजेवता बोलावं तसा बोलत होता. तिची बोटं चालू लागली. लग्नानंतर मी तिला भाजी चिरताना, दार लोटताना, कपडे वाळत घालताना पाहिलं होतं. इतक्या वेगानं काही करताना नव्हतं पाहिलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी वारा सुटला. शेवगा हलला.

“चार!” मी म्हणालो. “तीन!”

काठी धरून मोहिते काका उभे होते. अप्पा पलीकडून आले आणि काठीचा वरचा भाग धरला.

“दोन!”

“दत्ता, पूर्वेला घे,” मोहिते काका अप्पांना म्हणाले.

अप्पांनी घेतली. “किती?”

“चार इंच. जास्त नको.”

“तुझ्या बाजूनं सोड ना मग, बाबू!”

“सोडली!”

“चार,” मी म्हणालो. “पाच. पाच, पाच! हलू नका!”

ते हलले नाहीत. एक जण काठीच्या या बाजूला, एक त्या बाजूला, दोघांचे चेहरे एकमेकांपासून वीतभर. सत्तरीची दोन माणसं, शेवग्याखाली, पन्नास मिनिटं. एकाला खाज सुटली तर दुसऱ्यानं खाजवायची, असं ठरलं आणि एकदा तसं झालंसुद्धा. काकूंनी दोघांच्या तोंडाला तांब्यानं पाणी लावलं. मधूनमधून त्यांचं बोलणं माझ्या कानावर यायचं. कचेरीतला मोजणीची साखळी ओढणारा एक शिपाई वारला, हे एकाला माहीत नव्हतं. मोहिते काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हे दुसऱ्याला माहीत होतं.

“दत्ता,” मोहिते काका हळूच म्हणाले, “ही पट्टी... आपण तेव्हा नकाशात काय दाखवली होती, आठवतंय का तुला?”

“गप्प बस,” अप्पा म्हणाले. “एक काडी पडेल.”

बाराला चार मिनिटं कमी असताना वैजयंतीनं फाईल पाठवली. कानावरचं यंत्र काढलं आणि ओट्यावर दोन्ही हात पसरून नुसती बसून राहिली. “गेली?” मी विचारलं. “गेली,” ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघून, “त्यांना सांगा, सोडा म्हणावं आता.”

मी सांगितलं. पण लगेच सोडलं नाही त्यांनी.

सोमवारी कंपनीचं पत्र आलं आणि वैजयंती कामाला लागली. पुढे तिनं दोन मुली हाताखाली घेतल्या, मग सहा. काळा डोंगल अकरा महिने शेवग्याखाली काठीवर होता. पावसाळ्यात त्याला दुधाची पिशवी घातली होती. नंतर टेलिफोनची तार फाट्यावरून उठून आमच्यापर्यंत आली. अप्पा आणि मोहिते काका रोज संध्याकाळी पट्टीच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून बसायचे. जमीन खोटं बोलत नाही, हे वाक्य मात्र अप्पा पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मी एकदोनदा आठवण करून दिली, तर म्हणाले, “चहा कर.”

दोन हजार तेरा साली ग्रामपंचायतीची गटार योजना आली. त्यांच्या माणसानं यंत्र लावून कॉलनी मोजली आणि मूळ मंजूर नकाशा मागितला. सोसायटीच्या कपाटातून मीच काढून दिला. आमच्या आणि मोहिते काकांच्या मधली ती पट्टी नकाशात स्पष्ट होती. सांडपाण्याच्या गटारासाठी राखीव, रुंदी नऊ इंच. नकाशाखाली तयार करणाऱ्यांच्या दोन सह्या होत्या. एक द. वि. शिराळकर. एक बा. रा. मोहिते. दोन्ही सह्या सुवाच्य होत्या.